काकूंसाठी सोपा डोंगर

समजा, तुम्हाला कुणाला तरी डोंगरावर न्यायचंय. डिसेंबरचे दिवस आहेत, गवत पिवळं झालंय, हवा कोरडी आहे. बरोबरचं माणूस पर्वतीच्या पायऱ्यांपलीकडे कधी चढलेलं नाही. वाट सोपी हवी, पण वर गेल्यावर डोळे निवतील असं काहीतरी दिसायलाही हवं. कुठला डोंगर निवडाल? आणि आता असं समजा, की ते माणूस तुमची बायको आहे आणि एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिनं ‘मीही येते’ असं एकदाही म्हटलेलं नाही.

सदाशिव पेठेतले शरच्चंद्र फाटक, म्हणजे आमचे फाटककाका, नेमके इथेच अडकले होते.

“अहो, मलाही न्या की एखाद्या डोंगरावर,” पोहे परतता परतता श्यामलाकाकू म्हणाल्या.

“तुला? लिफ्ट बंद असली की हळदीकुंकवाला जात नाहीस तू.”

“म्हणूनच सोपा बघा.”

काकांनी पेपर खाली ठेवला. हिला कळलं की काय?

कळण्यासारखं एकच होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून काकांचा दर रविवार डोंगराचा. गेल्या मार्चमध्ये राजगडावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाऊण तास ते कातळाला टेकून बसले. घरी आल्यावर म्हणाले, “एसटी चुकली.” खरं सांगितलं असतं, तर सगळे रविवार त्याच दिवशी संपले असते.

म्हणून आता डोंगर जपून निवडायला हवा होता. सिंहगड नको. तिथे दर वळणावर ओळखीचं कुणीतरी भेटणार आणि हिच्यासमोर तब्येत विचारणार. तोरणा तर नकोच. शेवटी सासवडजवळचा मल्हारगड ठरला. लहानसा, रुंद वाटेचा, वरून पुरंदर दिसतो. काकूंसाठी हाच बरा, असं काकांनी स्वतःलाही बजावलं.

नवख्या माणसाला नेण्याआधी वाट स्वतः चालून यायची, हा त्यांचा नेम. बुधवारी बँकेत जातो म्हणून सांगून ते मल्हारगड चढून आले. तीन ठिकाणी त्यांना धाप लागली. त्या तिन्ही जागा त्यांनी वहीत लिहून ठेवल्या आणि प्रत्येकीपुढे तिथून काय छान दिसतं तेही लिहिलं.

रविवारी पहिल्या जागी ते थांबले. “हा बघ पुरंदर.”

“छान आहे,” काकू म्हणाल्या. त्यांना धाप लागली नव्हती.

दुसऱ्या जागी अंजिराच्या बागा दाखवून झाल्या. काकांची नजर मात्र काकूंच्या बुटांवर होती. टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या.

“कुठले गं हे?”

“स्पृहाचे जुने.”

त्यांची लेक स्पृहा हिंजवडीला कंपनीच्या बसनं जाते आणि दिवसभर खुर्चीत असते. तिच्या बुटांच्या टाचा कुठल्या मुरमावर झिजल्या? तिसऱ्या जागी काही दाखवण्याइतका दम काकांना उरला नव्हता, पण काकू आपणहून थांबल्या आणि बराच वेळ दूरच्या दिवेघाटाकडे बघत राहिल्या. काकांचा श्वास जागेवर येईपर्यंत.

वर खंडोबाच्या देवळापाशी काकूंनी दशम्या सोडल्या आणि मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली पुढे केली.

“मी मागितलं का?”

“नाही. पण एसटी चुकली की घशाला कोरड पडते माणसाच्या.”

काकांच्या हातातली दशमी हातातच राहिली. काकू आवळासुपारी चघळत देवळाचा कळस न्याहाळत होत्या.

उतरताना त्यांनी काकूंना पुढे घातलं. मुरमाड उतार लागला. नवखं माणूस अशा ठिकाणी सरळ पाय टाकतं, गुडघे ताठ करतं आणि घसरतं. काकांनी आजवर वीसेक जणांना इथे आडवं पाऊल टाकायला शिकवलं होतं. अंगात मुरायला प्रत्येकाला महिने लागले होते. काकू मागच्या पायावर भार ठेवून आडव्या पावलांनी सरसर उतरत होत्या.

तेव्हा काकांना गुरुवार आठवले. चैत्रापासून काकूंचं भजनी मंडळ दर गुरुवारी पहाटे सहाला भरत होतं. टाळ कधी घरात दिसले नव्हते. पायपुसण्यावर तांबडी माती मात्र दिसायची.

त्या विचारात त्यांचा पाय सटकला. काकूंनी वळून दंड धरला. पकड घट्ट होती.

“पाऊल आडवं टाका.”

“कुणी शिकवलं तुला?”

“भजनी मंडळानं.”

खाली आल्यावर काकांनी सवयीनं वेळ लिहायला वही काढली. काकूंनी हात पुढे केला.

“द्या इकडे. आजची वेळ मी लिहिते.”

वही सोडायला काकांचा हात तयार होईना. इतकी वर्षं त्या वहीत दुसऱ्या कुणाचं अक्षर नव्हतं. आज एकदा ते उमटलं, तर पुढचं पान भरणार होतं की कोरं राहणार होतं?

“अगं,” वही तशीच धरून ते म्हणाले, “खरं सांग. हे सगळं शिकलीस ते माझ्याबरोबर वर यायला, की मला कायमचं खाली आणायला?”