अक्रोडाला वळसा घालणारी भिंत

आखातातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात बसून मी इटलीतल्या डोंगरउतारावरच्या एका जुन्या वाडीचे नकाशे काढायचो. एका घराच्या छपराच्या उंचीला दुसऱ्याचं अंगण. दिवसभर मनानेच त्या दगडी पायऱ्या चढत राहायचो. पण वाकडी रेघ दिसली की माझं डोकं फिरतं, म्हणून एक वाकलेली भिंत मी सरळ करून टाकली.

तिथली आर्किटेक्ट व्हिडिओ कॉलवर हसली. म्हणाली, “भिंत बांधली तेव्हा तिथे अक्रोडाचं झाड होतं. ते केव्हाच गेलं.”

मी भिंत पुन्हा वाकडी केली.

संध्याकाळी अल सद्द भागातल्या आमच्या घरी आलो. आई गेल्यावर तिची खाट आम्ही हॉलमधून काढली होती. खिडकीकडे जाताना मी त्या रिकाम्या जागेला वळसाच घातला.