युरोप, व्हाया मिरज

स्वित्झर्लंडमध्ये आठ मिनिटांत गाडी बदलावी लागते आणि ते मला जमणार नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे.

बेत आम्हा तिघा शाळासोबत्यांचा होता. मी, बाळू आणि सलीम. तिघंही कोल्हापूरच्या कसबा बावड्यातले, पन्नाशी ओलांडलेले. बाळूची तिथंच डेअरी, सलीमचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आणि मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीसाठी लाकडी साचे करतो. माझ्या साच्यांवर ओतलेले पंप कधीचेच जर्मनीला पोचले, मी मात्र इथंच! याचं मला मनातून खरंच वाईट वाटायचं. म्हणून ठरलं, एकदा युरोप बघायचाच. पण आपल्या ऐपतीत. रेल्वेचा पास काढायचा, स्वस्तातल्या हॉस्टेलात झोपायचं आणि जेवणाला घरून नेलेलं मेतकूट.

बाळूला पासची कल्पना फारच आवडली.

"म्हंजे एकदा पास काढला की कुटंबी चढायचं, कुटंबी उतरायचं?"

"व्हय."

"मग ही आपली यष्टीच की रं!"

(यातलं 'कुटंबी उतरायचं' त्याने जरा जास्तच मनावर घेतलं, हे नंतर कळलं.)

घरी मी वेळापत्रक उघडून सुनंदाला म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना समजावलं. पॅरिसहून बासेल, बासेलला आठ मिनिटांत गाडी बदलून झुरिच. तिने पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

"शिरोली नाक्यावर उभं राहून शिरोलीची बस चुकवणारा माणूस तुमी. झुरिचात हरवला तर मी कुणाला फोन करू?"

"अगं, तिथं सगळ्या पाट्या असतात!"

"पाट्या नाक्यावरबी हायत." मग ती थांबून म्हणाली, "असं करा. आदी मिरजेत गाडी बदलून दाखवा. कोल्हापुरास्नं मिरज, तिथं गाडी बदलून सांगली, आन् संध्याकाळी घरी. जमलं तर युरोपला खुशाल जावा. मीबी येतो संगं, परीक्षा घ्यायला."

अट अपमानास्पद होती. आम्ही ती आनंदाने मान्य केली.

रविवारी सकाळी पाठीवर भरगच्च सॅक घेऊन आम्ही पॅसेंजरमध्ये चढलो. सॅकमध्ये मेतकूट, स्वेटर, कानटोप्या. (महिना मे!) युरोपात खिसेकापू फार, म्हणून सलीमच्या सूचनेवरून पाकिटं आणि मोबाईलही सॅकच्या तळाशी पुरून ठेवले होते. तिकिटं परीक्षकबाईंकडे. हातकणंगले गेलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी मनातल्या मनात आयफेल टॉवरपुढे फोटोसुद्धा काढला.

जयसिंगपूर आलं आणि फलाटावर हलगी वाजायला लागली.

"कुणाची तरी वरात दिसतीया," सलीम म्हणाला.

बाळूने खिडकीतून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. हलगीच्या पुढे त्याचे व्याही, आप्पासाहेब! जुना पैलवान माणूस. मागे निम्मी गल्ली, हातात हार, नारळ आणि तीन कोरे फेटे.

"बाळ्या, तू व्याह्यांना काय सांगितलंस?"

"काय न्हाय रं! व्याह्यांच्या गावावरनं जायचं आन् कळवायचं न्हाय, तर पोरीला टोमणं ऐकायला लागतील. म्हून फोनवर येवढंच म्हणालो, 'युरोपच्या तालमीला निघालोय.'"

आता बाकी महाराष्ट्रात तालीम नाटकाची असते. आमच्याकडे तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका! आप्पासाहेबांनी सरळ हिशेब लावला होता. व्याही आणि त्यांचे दोन दोस्त या वयात युरोपला कुस्ती मारायला निघालेत!

"आलं! आमचं पैलवान पावणं आलं!" आप्पासाहेब दारातच ओरडले. "खाली या. मान घेतल्याबिगर जायचं न्हाय!"

"उतरू नगा!" सुनंदाने बजावलं.

"वहिनी, क्रॉसिंग हाय, गाडी थांबती," बाळूने तोंडाला येईल ते ठोकून दिलं. "व्याह्यांला न्हाय म्हणायचं कसं?"

आम्ही उतरलो. गळ्यात हार पडले. एका म्हाताऱ्याने माझा दंड दाबून बघितला आणि दुःखाने मान हलवली. मी आप्पासाहेबांना खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात पेढा कोंबला. मग फेटे बांधायला सुरुवात झाली. फेटा जेमतेम निम्मा झाला होता, तेवढ्यात गाडीने शिट्टी दिली.

"गाडी सुटली! चढा की!" खिडकीतून सुनंदा.

"सोडा आप्पासाहेब!"

"अर्धा फेटा सोडून कोण जातंय व्हय? अपशकुन हुतोय!"

मी धावलो. माझ्या डोक्यावरचा फेटा उलगडत गेला, पण दुसरं टोक आप्पासाहेबांच्या हातात होतं आणि पकड पैलवानाची होती! एका हिसक्यासरशी मी फलाटावर बसलो; बाळू आणि सलीमही आपापल्या अर्ध्या फेट्यात अडकलेले. माझ्या डोळ्यांदेखत गाडी गेली. तिच्यात तिन्ही सॅक, पैसे, मोबाईल आणि माझी बायको.

"गेली तर गेली," आप्पासाहेब म्हणाले. "आता जेवूनच जावा. बोकड कापलंय."

जेवायला बसल्यावर मी सगळं खरं सांगितलं. ते पोटभर हसले आणि म्हणाले, "आसूंदे, पैलवान नसला तर नसला. वाढा गं!" मला मात्र सुनंदाची काळजी; तिचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आणि मोबाईल गाडीत. ती एकटी, तीन ओझी, मिरज जंक्शन! (तरी जेवलो. खोटं कशाला बोलू?)

संध्याकाळी व्याह्यांच्या टेम्पोतून घरी आलो. दार सुनंदानेच उघडलं. मागे भिंतीला तिन्ही सॅक ओळीने उभ्या होत्या.

"अगं, तू कशी आलीस?"

"कशी म्हंजे? मिरजेतबी आठच मिनिटं हुती, बदलली गाडी. डब्यात कॉलेजच्या पोरी हुत्या, त्यांनी सॅक उचलून दिल्या. सांगलीत भडंग घेतलं, परतीची गाडी धरली." तिने भडंगाची पुडी माझ्या हातात दिली. "आठ मिनिटं म्हंजे लई हुतंय ओ. मी मधी च्याबी घेतला."

ही बातमी बाळूच्या आणि सलीमच्या बायकांकडे मी कपडे बदलेपर्यंत पोचली. पुढच्या आठवड्यात पास निघाले. सुनंदा, मंगलवहिनी आणि शबानाभाभी अशा तिघींच्या नावाने! वेळापत्रक माझंच, सॅक माझी, मेतकूटही माझंच. काल बासेलहून फोटो आला. तिघी हसताहेत आणि मागे गाडी उभी आहे. बघून वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

हल्ली बावड्यात कुणी ना कुणी अडवतंच.

"काय ओ, वहिनी युरोपला गेल्यात म्हणं? तुमी न्हाय गेला?"

"गेलतो की," मी छाती काढून सांगतो. "जयसिंगपूरपर्यंत सोडायला!"