फाट्यापासूनचं तिकीट

सासुरवाडीच्या गाडीवर ड्युटी लागली तेव्हा कंडक्टरला आभाळ ठेंगणं झालं. सहाशे बारा वस्तीचं गाव, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून पाच किलोमीटर आत. गाडी दिवसातून दोनदा. पहिल्याच दिवशी सासूबाई चढल्या आणि कमरेची पिशवी सोडायला लागल्या, तर हा म्हणाला, "राहू द्या, फाट्यापासूनचं तिकीट देतो. एका टप्प्याचे पैसे वाचतील."

मागच्या बाकावरची शेजारीण ओरडली, "का हो जावईबापू, आम्ही काय सावत्र?"

गाडी हसली, आणि हा खुशीनं फुगला. तिलाही फाट्यापासूनचं दिलं. मग तिच्या दिराला, मग दिराच्या व्याह्याला. परतीचं तिकीटही फाट्यापर्यंतचंच. जावई एका घरचा असतो, हा अख्ख्या गावाचा झाला. तपासनीस त्या आतल्या रस्त्याला फिरकायचा नाही. धुळीखेरीज तिथं तपासायचं काय? बायको माहेराहून आली की सांगायची, "तिकडं सगळ्यांच्या तोंडी तुमचंच नाव!" अकरा वर्षं हे असं गोडीगुलाबीनं चाललं.

मग गाडी बंद झाली.

का झाली ते त्याच्या त्याच दिवशी ध्यानात आलं, पण तो मूग गिळून बसला. गावातल्या पोरी शाळेसाठी पाच किलोमीटर चालू लागल्या. सासूबाईंचा गुडघा आधीच कामातून गेलेला. दवाखान्यात जायचं तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर पोत्यासारखं बसून. शेवटी गावानं अर्ज केला. खाली सह्या न् अंगठे, वर ठळक अक्षरांत लोकसंख्या. "आपला माणूस आत आहे," म्हणत सगळ्यांनी जावयालाच पुढं घातलं. बरोबर शाळेचे मास्तर आणि हट्टानं आलेल्या सासूबाई.

डेपोच्या साहेबांनी अर्ज वाचला, कपाटातला तिकिटांच्या हिशेबाचा गठ्ठा काढून टेबलाच्या काचेवर आपटला.

"सहाशे बारा? आमचे कागद तर सांगतात, अकरा वर्षांत तुमच्या थांब्यावर एक माणूस चढला नाही की उतरला नाही. गाव माणसांचं आहे की भुतांचं?"

कंडक्टरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाखाली त्याचीच सही होती. मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी त्यांना कोपर मारलं.

"आम्ही चालतच जायचो साहेब, फाट्यावर. सवय आहे पायांना."

"मग आता अडलंय कुठं? चाला की!"

बाहेर बाकावर बसून सासूबाई गुडघा चोळत होत्या. मास्तर पाणी प्यायच्या निमित्तानं लांब गेले. म्हातारी हळूच म्हणाली, "जावईबापू, मान वर करा बघू. गाडी आज ना उद्या येईल. तुमची नोकरी गेली तर आमची लेक काय खाईल?"

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला सोसवलं असतं. हे नाही सोसवलं. तो उठला आणि परत आत गेला. मागून सासूबाई लंगडत आल्या. "अहो, गप बसा ना! ऐका माझं!"

त्यानं साहेबांकडं कोरा कागद मागितला आणि उभ्या उभ्याच चार ओळी लिहिल्या. साहेबांनी त्या वाचून चष्मा काढला. मग विचारलं, "काय लिहिलंय ते या बाईंना ठाऊक आहे?"

"मला नाही येत वाचता," सासूबाई म्हणाल्या.

"मग वाचून दाखवा त्यांना."

कंडक्टरनं कागद हातात घेतला. अकरा वर्षं भरल्या गाडीत खड्या आवाजात थांब्यांची नावं पुकारणारा तो माणूस, पण आता कागदात तोंड घालून पुटपुटला.

"माणसं रोज चढत होती... तिकिटं मी खोटी दिली. लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून."

"मोठ्यानं."

त्यानं पुन्हा वाचलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याची लाज झाकायला, की त्यांनाच ते बघवेना म्हणून, हे त्याला कळलं नाही. आणि विचारायला तोंड उरलं नव्हतं.