मर्सीचा पालथा दगड

अमानवीय किस्से सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. इंजिनीअर माणूस, मोजता येत नाही ते मानायचं नाही. आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी लिहितोय ते एक खोटं दुरुस्त करायचंय म्हणून.

१९८५ साल. आम्ही न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहायचो. शेजारी डोरोथी, पंचाहत्तरीच्या, एकट्या. अमेरिकेत आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांच्या वंशजांची एक संस्था होती, तिचं सभासदत्व मिळवणं हा त्यांचा ध्यास. अट कडक — प्रत्येक पिढीचा पुरावा हवा, आणि नातं रक्ताचंच हवं. सगळ्या पिढ्या जुळल्या, एक दुवा अडला. कनेटिकटमधली, अडीचशे वर्षांपूर्वीची मर्सी. ही कोणाची मुलगी?

मी मदतीला गेलो आणि अडकलोच! लायब्ररीत मायक्रोफिल्म पाहायच्या, दफनभूमीत दगडावर कागद धरून मेणाचा खडू घासायचा... पुसट नावं हळूहळू वर येतात. काय थरार असायचा!

बायको म्हणायची, "स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव सांगता येत नाही, आणि निघाले मडमेचे पूर्वज हुडकायला!"

ऑक्टोबरातला शनिवार, सकाळचे अकरा, लख्ख ऊन. कनेटिकटमधल्या एका खेड्याबाहेरची दफनभूमी; भोवती दगडी कुंपण, एकच फाटक. डोरोथींचे गुडघे दुखत, म्हणून त्या फाटकासमोर गाडीत बसल्या.

तिसऱ्या रांगेत, मर्सीचे आईवडील असावेत असं आम्हाला वाटत होतं त्या जोडप्याचे दगड सापडले! मी जवळजवळ ओरडलोच. वर पाहिलं तर समोर एक बाई. लांब तपकिरी झगा, डोक्याला पांढरं फडकं. तिथल्या म्युझियममध्ये हौशी मंडळी जुने कपडे घालून माहिती सांगतात, त्यातलीच वाटली.

"मर्सीला शोधतोयस? ती तिथे आहे. पालथी."

तिनं नुसत्या गवताकडे बोट दाखवलं. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर तिथे खुपसला — टक्क! गवताचा थर सोलला, पातळ दगड उलटा केला. वर कोरलेलं होतं — याच जोडप्याची मुलगी मर्सी. वय तीन वर्षं.

तीन? मग डोरोथींची मर्सी लग्न होऊन आठ मुलांची आई कशी झाली?

"ही माझी," बाई म्हणाली. "ही गेली त्याच हिवाळ्यात एक अनाथ पोर घरी आणली. तिला हेच नाव ठेवलं. तिला सगळे मोजतात, हिला कोणी लिहीत नाही. तू लिहिशील?"

भूमिकेत चांगली शिरलीय, मला वाटलं. "लिहीन," म्हटलं, आणि कागद घ्यायला वाकलो. वर पाहिलं... कोणी नाही.

गाडीपाशी आलो तर डोरोथी हसत होत्या. "हातवारे करत कोणाशी बोलत होतास, वसंत? ऊन लागलं की काय?"

"ती बाई —"

"कुठली बाई? तुझ्याशिवाय आत कोणीच नव्हतं." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "सापडलं का रे?"

माझे आजोबा दत्तक. आमच्या घरात त्यांना कोणी कधी कमी लेखलं नाही. पण या संस्थेत दत्तक चालत नव्हतं. मी म्हटलं, "सापडलं. मर्सी त्यांचीच." डोरोथी रडल्याच. खडू विसरला असं सांगून मी परत आत गेलो, दगड पालथा घातला आणि वर गवत बसवलं.

गावच्या जन्मनोंदीत त्या जोडप्याची मर्सी होतीच; तेवढ्यावर सभासदत्वाचं प्रमाणपत्र आलं, भिंतीवर लागलं. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच गावातल्या चर्चच्या नोंदींत मला एक ओळ सापडली: त्या हिवाळ्यात त्या घरी एक अनाथ मुलगी सांभाळायला दिली. बाईचा शब्द न् शब्द खरा होता! मी तरीही गप्प बसलो. डोरोथी सुखानं गेल्या.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीला, सूझनला, सगळं लिहून कळवलं. वाटलं, चिडेल. तिचा फोन आला. "अंकल, शनिवारी ड्राइव्ह करून जातोय. रांग तुम्हीच दाखवायची!"

गेलो. गावकऱ्यांची परवानगी काढून आम्ही तिघाचौघांनी दगड उलटला, उभा केला. सूझननं वंशावळीत एक रेघ जास्तीची काढली आणि पेन माझ्या हातात दिलं.

ती बाई कोण, मातीखालचं तिला कसं ठाऊक, डोरोथींना ती का दिसली नाही — मला आजही सांगता येत नाही. नाव तेवढं मी लिहिलं. मर्सी, वय तीन वर्षं.