एकशेवीसमधले बत्तीस

तैपेईच्या क्वांगहुआ बाजारामागच्या गल्लीत यू चिन-शुईचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरकावं एवढी जागा. बिघडलेली हार्ड डिस्क तिथे टाकायची आणि वर म्हाताऱ्याची बोलणी खायची, ही गिऱ्हाइकांची जुनी रीत. हात सोन्याचा, पण जीभ कात्रीसारखी. "यंत्राला काही झालेलं नाही, तुझं डोकं फिरलंय," असं तो तोंडावर सांगायचा आणि लोक हसून सोडून द्यायचे. देवाधर्माचं त्याला फारसं वेड नव्हतं. पण दुरुस्त केलेल्या यंत्रावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवल्याशिवाय तो ते हातावेगळं करत नसे. तसं इथे सगळेच ठेवतात. पाकीट हिरवंच हवं, तारीख उलटलेलं नको आणि ते कुणी खायचं नाही, मग यंत्र शहाण्यासारखं वागतं. यूने त्याला आपल्या पदरचं एक कलम जोडलं होतं: चालतंय ना, मग हात लावायचा नाही.

त्या सकाळी लाइ यी-चेन आली. तिचा बाप मिंग-त्सुंग हा यूचा शाळेपासूनचा दोस्त. देवळापुढच्या मांडवात तो हातबाहुल्यांचे खेळ करायचा. राजा, राक्षस, खाष्ट म्हातारी, सगळ्यांचे आवाज एकटाच काढायचा. गेल्या वसंतात तो गेला.

"काका, बाबांना कुणीतरी फसवलंय," यी-चेनने डिस्क काउंटरवर ठेवली. "वर एकशेवीस जीबी छापलंय आणि दाखवतेय बत्तीस. नकली माल दिसतोय."

"दिली कुणी त्याला?"

"ते कुठे काय सांगायचे! हिरवं पाकीट मात्र नेमाने बदलायचे. कॉम्प्युटरच्या पेटीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

यूने डिस्क उलटी केली आणि दिव्याखाली धरून पुन्हा पाहिली. मागच्या पिनांवर प्लास्टिकची इवलीशी टोपी होती आणि टोपीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. नेलपॉलिश त्याच्या बायकोचं होतं आणि ठिपका त्याच्या हातचा.

मिंग-त्सुंगचा पहिला कॉम्प्युटर इतका जुनाट, की एवढी मोठी डिस्क जोडली की बसल्या जागी गोठायचा. म्हणून यूने ती टोपी बसवली होती. टोपी असली की डिस्क स्वतःला बत्तीसचीच म्हणवते आणि जुनं यंत्र मुकाट चालतं. "नवा कॉम्प्युटर घेतलास की काढून देतो," असं तो म्हणालाही होता. पुढे नवा कॉम्प्युटर आला, डिस्क त्यात यूनेच बसवली, वर हिरवं पाकीट ठेवलं. टोपी मात्र साफ विसरला.

नंतर एकदा मिंग-त्सुंगने फोन केला होता. "अरे, डिस्क भरली रे. एवढी कशी भरली?"

"तुझ्या लाकडी बाहुल्यांना लागते तरी किती जागा! नको ते पुसून टाक. आणि पेटी उघडत बसू नकोस, चालतंय ना?"

मिंग-त्सुंग हसला होता, आणि त्याने ऐकलं होतं.

"मला बाबांचा आवाज हवाय, काका," यी-चेन म्हणाली. "एखादा तरी खेळ. कॅमेऱ्यातून सगळे खेळ यातच उतरवून ठेवायचे आणि त्याच टेपवर पुढचं शूटिंग करायचे. पण यात बघते तर सगळी मीच. माझी शाळा, माझे वाढदिवस, माझा पियानो."

यूला सगळं उमगलं. पोरीसाठी जागा करता करता गड्याने स्वतःला पुसत आणलं होतं. काखेत कळसा होता आणि तो कळसा यूनेच झाकून ठेवला होता.

जेवायचं राहिलं. पुसलेलं काही हाती लागतंय का, हे तो दुपार उलटेपर्यंत शोधत बसला. पण जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं. राजा गेला, राक्षस गेला, म्हातारीही गेली. 'हो, नकली माल आहे,' एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते.

यी-चेनने डिस्कवरची शेवटची फीत लावली. दोन वेण्यांतली ती पियानोवर अडखळत होती. सूर जुळायला लागले, आणि कॅमेऱ्यामागून मिंग-त्सुंगचा आवाज आला, त्याचा स्वतःचा, कुठल्याच बाहुलीचा नव्हे: "बास गं राणी. जागा संपली."

फीत थांबली. तिने ती पुन्हा लावली, मग पुन्हा. आता तिचे डोळे वाहत होते.

"डिस्क नकली नाही," यू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "जागा होती, पोरी. भरपूर होती. मी बंद करून ठेवली होती आणि विसरलो. तो विचारत होता, तर मी त्याची थट्टा केली."

त्याने काउंटरवरचा बारीक चिमटा उचलला. नेलपॉलिशचा टवका उडाला आणि टोपी अलगद निघाली. डिस्क पुन्हा जोडली तसा पडद्यावर एकशेवीसचा आकडा आला. त्यातला बराच मोठा भाग अगदी कोरा होता, कुणी कधी काही न लिहिलेला.

यी-चेनने टोपी तळहातावर घेतली. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान.

"एवढंच करायचं होतं?"

"एवढंच," यू म्हणाला. त्याने मान वर केली नाही.