उलट्या गियरात तीनशे चाळीस पावलं

ओफेलिया आर्चुलेटाने फीनिक्समध्ये एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या एकतीस वर्षांत बसला ओरखडा आला एकच, तोही बस उभी असताना. ही गोष्ट ती आपणहून सांगायची नाही. कोणी विचारायची वाट बघायची, आणि नाहीच विचारलं तर विषय हळूच तिकडे वळवायची.

जूनअखेरीला फीनिक्समध्ये उन्हाने तापलेल्या गाडीच्या स्टीअरिंगला नुसता हात लावायची सोय नसते. मग शहरातला जो तो उत्तरेच्या कड्यावर, पाइनच्या रानात पळतो. आर्चुलेटांचा छत्तीस माणसांचा गोतावळाही दर वर्षी चार दिवस तिथे तंबू ठोकायचा. शुक्रवारी सगळे यायचे, पण जागा धरायला मंगळवारीच पुढे जायची ती ओफेलिया. भाचरं तिला टीया म्हणत. मावशीही तीच आणि आत्याही तीच.

या वर्षी वणव्याच्या धास्तीने नेहमीच्या जागेचा रस्ताच बंद झाला. धाकट्या भावाला, रोहेलियोला, आयतंच फावलं.

"ओफे, पुरे झालं आता. समुद्रावर जाऊ, सॅन डिएगोला. तिथे संडास असतात. दारं असलेले."

"आई-बाबा आपल्याला रानात न्यायचे."

"आई-बाबांकडे एसी नव्हता."

सगळे हसले. एकदा या मंडळींना समुद्राची चटक लागली की रान कायमचं सुटणार, हे ओफेलियाला स्वच्छ दिसत होतं. शेवटी ठरलं ते असं: गुरुवारी दुपारपर्यंत तिला जागा सापडली तर रान, नाहीतर समुद्र.

मंगळवार गेला, बुधवारही गेला. कड्यावर जावं तिथे झाडाखाली कोणाच्या तरी घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. तिथली रीतच तशी आहे. एक खुर्ची दिसली तर कोणीतरी विसरून गेलं असेल. दोन दिसल्या तर जागा धरलेली आहे, आणि त्यांना हात लावणारा माणूस माणसांतला नव्हे. ओफेलियाच्या दोन खुर्च्या मात्र ट्रकमध्येच पडून होत्या. बुधवारी रात्री ती ट्रकमध्येच झोपली आणि रोहेलियोला मनसोक्त शिव्या घातल्या.

गुरुवारी सकाळी तिला एक खडबडीत फाटा दिसला. आत चाकांचे ठसे होते, पण सगळे वीसेक पावलं जाऊन मागे फिरलेले. ती खाली उतरली आणि बघतच राहिली. या लोकांना आत जायची भीती वाटली नव्हती. पुढे गाडी वळवायला जागा मिळाली नाही तर बाहेर कसं पडायचं, ही भीती होती. आणि गाडी न वळवता बाहेर काढणं हे तर तिचं आयुष्यभराचं काम.

ती पावलं मोजत निघाली. वाटेत दोन जाड पाइन अगदी जवळजवळ होते. तिने हात पसरून मधलं अंतर मापलं आणि मान डोलावली. तीनशे चाळीसाव्या पावलाला रान मोकळं झालं. गार सावली, घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा, छत्तीस माणसं सहज मावतील एवढी जागा. तिने उन्हाने तापलेल्या एका सालीला नाक लावलं. पाइनच्या सालीला व्हॅनिलाचा वास येतो, हे तिला बाबांनी सहाव्या वर्षी दाखवलं होतं. अडुसष्ट वर्षांची ती बाई झाडाला मिठी मारून एकटीच हसत सुटली.

दोन खुर्च्या मांडून ती गावात गेली, कारण रानात फोन लागत नाही.

"सापडली," ती म्हणाली.

"मी समुद्रावरच्या खोल्या बघून ठेवल्यात," रोहेलियो म्हणाला.

"बघून झाल्या ना? मग या आता इकडे."

परतताना तिने प्रत्येक वळणावर झाडाला एकेक कागदी ताटली बांधली. प्रत्येकीवर नाव आणि बाण.

शुक्रवारी दुपारी गाड्यांची रांग फाट्यापाशी येऊन थांबली. सगळ्यांत पुढे रोहेलियो, त्याच्या गाडीमागे जोडलेलं त्याचं नवंकोरं, लांबलचक फिरतं घर.

"यात मी घालणार नाही," तो म्हणाला. "अडकलं म्हणजे?"

"सरक तिकडे."

तिने आधी मोठ्या रस्त्यावरच गाडी फिरवून घेतली आणि ते धूड उलटं आत घालायला सुरुवात केली, म्हणजे निघताना सरळ बाहेर. दोन्ही आरशांत तिची नजर एकसारखी फिरत होती. बाकीचे बाजूने चालत होते. कोणाच्या डोक्यावर मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या टमालेंचं पातेलं, कोणाच्या काखेत उशा. ते दोन पाइन आले तेव्हा रोहेलियोने डोळे मिटून घेतले. दोन्हीकडे तळहाताएवढी जागा सोडून ती त्यांच्यामधून गेली.

"टीया, एक ओरखडा नाही!" एक भाची ओरडली.

"एकतीस वर्षांत एकच आलाय," ओफेलिया म्हणाली, "आणि तोही बस उभी असताना."

संध्याकाळी सगळ्यांची पोटं भरली. पोरं ओढ्यात चिखल करत बसली होती. रोहेलियो भिजलेल्या विजारीनेच आला आणि कालपासून तिच्या शेजारी रिकाम्या असलेल्या खुर्चीत बसला. बराच वेळ वर झाडांकडे बघत राहिला.

"पुढच्या वर्षी मंगळवारी किती वाजता निघतेस?"

"पहाटे चारला."

"मला घ्यायला येशील?"

ओफेलियाला एकदम भरून आलं. डोळे पुसताना तिने ते लपवलंही नाही.

"येईन," ती म्हणाली. "दोनदा हॉर्न वाजवीन. तिसऱ्यांदा वाजवायची मला सवय नाही."