वामीच्या पोटातले पाहुणे

सुमन गेली त्याला भाताचं एक पीक झालं. तिच्या दिवसकार्याला सगळे बोलले, रडले. माझ्या तोंडाशी एक गोष्ट आली होती — ती तशीच गिळली. कुणाला ठाऊक नाय. तिलाही नव्हती. तुमाला सांगतो.

काळू नदीत मी जाळं टाकायचो, आणि माझी बायको, सुमन, टोकावड्याच्या बाजारात मासे विकायची. मागं एक कॉलेजातले सर आले. माशांच्या पोटातले जंत कुठल्या जातीचे, हे ओळखायचं त्यांचं काम. आतडी फेकू नका, म्हणाले. मग दर आठवड्याला आमच्या ओट्यावर ते बारकं मोठं दाखवणारं यंत्र मांडून बसायला लागले.

सुमन वामीचं आतडं उभं चिरून बशीतल्या पाण्यात सोडायची. पांढरी फीत सुटायची.

"सर, पाहुणे आले!"

"ताई, आधी तुम्ही बघा."

ती एक डोळा मिटून बघायची. "अगो बाय! ह्याच्या डोक्यावर तर काट्यांची चुंबळ!" आणि खळखळून हसायची. त्या काट्यांवरूनच जात ओळखतात, सर सांगायचे.

त्यानं तिला कधी हात लावला नाय. लावला असता तर बरं — भांडता तरी आलं असतं. पण तो तिला विचारायचा, तुम्हाला काय दिसतं? सबंध संसारात मी तिला काय विचारलं होतं? कालवणात मीठ का कमी, हेच ना? आणि माझ्यासमोर ती अशी कधी हसली होती?

मला कुणी बोलावलं नाय — नाय, खोटं कशाला बोलू? एकदा ती म्हणाली, "अवो, या ना, बघा तरी." मी थुंकलो आणि उठून गेलो. केस पिकलेला माणूस, आणि पोटात ही आग.

मग एका बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर, चार माणसांत, मी बोललो — "आमच्या हिच्या माशांत किडे हायेत. उगीच येतो काय मास्तर तपासायला?"

जंत आतड्यात असतात, आतडं काढलं, मासा नीट शिजवला की भीती नाय — सरांनी माझ्या देखत सांगितलं होतं. मला कळत होतं. तरी बोललो.

सुमन टोपली मांडते न मांडते तोच बाया सुरू झाल्या. "काय गो सुमन, माशासंगं पाहुणे फुकट काय?" टोपली भरली तशी परत आली. पुढच्या बाजारीही तेच. सरांना तिनं हात जोडले, येऊ नका म्हणाली. ते गेले. मला तेवढंच तर हवं होतं. तिचा बाजार सुटला, ती दुसऱ्यांच्या शेतावर राबायला लागली.

"माझंच तोंड वाईट," म्हणायची. "मीच हसत सगळ्यांना सांगत सुटले." शेवटच्या दुखण्यातही तेच म्हणाली. मी जवळ बसून ऐकलं.

टोपली पहिल्यांदा परत आली त्या दिवशी तिनं वामीचं कालवण केलं होतं. वाढता वाढता थांबली. "खाल ना वो? नीट धुतलीय."

वाम चांगली होती. मी दोनदा मागून घेतली.